बटण दाबूनही अडकणारे मॅगझिन: सीझेड ७५ साठीच्या एका पर्यायी मॅगझिनचे परीक्षण

सीझेड ७५ च्या रचनेवर आधारलेल्या ९ मिमी पिस्तुलांसाठी एका स्वतंत्र उत्पादकाने बनवलेली, १५ काडतुसे मावणारी पोलादी मॅगझिने, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेट्या, मी सरावासाठी घेतली आणि बराच काळ वापरली. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष माझ्या हाती आलेल्या नगांपुरते आहेत आणि त्यांचे मूळ शोधण्याची रीत कोणत्याही मॅगझिनाला लागू पडते. या मॅगझिनांविषयीची मुख्य तक्रार एकच आहे: बटण दाबल्यावर ती जेमतेम सेंटीमीटरभर खाली सरकतात आणि तिथेच अडकून राहतात. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनच्या पद्धतीच्या स्पर्धांमध्ये घड्याळ चालू असतानाच मॅगझिन बदलावे लागते. तिथे दुसऱ्या हाताने मॅगझिन ओढून काढण्यात जाणारा वेळ थेट गुणांवर परिणाम करतो, त्यामुळे ही तक्रार किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

कारणांकडे वळण्यापूर्वी सुरक्षिततेविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण अडकलेल्या मॅगझिनामुळे पिस्तूल रिकामे करण्याचा नेहमीचा क्रमच मोडतो. एरवी आपण आधी मॅगझिन काढतो आणि मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमधील, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीतील, काडतूस बाहेर काढतो. मॅगझिन आतच अडकलेले असेल आणि त्यात काडतुसे असतील, तर स्लाइड मागे ओढून सोडताच पुढचे काडतूस चेंबरमध्ये शिरते आणि पिस्तूल रिकामे झाले अशी समजूत करून घेणारा माणूस भरलेले पिस्तूल हातात धरून उभा असतो. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, बोट ट्रिगरपासून दूर असावे, स्लाइड मागे ओढून स्लाइड स्टॉपने तिथेच अडकवावी, बाहेर पडलेले काडतूस डोळ्यांनी पाहावे आणि त्यानंतरच बटण दाबून धरून मॅगझिनाचा तळ बोटांनी खाली ओढावा. स्क्रूड्रायव्हरने उचकटणे किंवा पिस्तूल टेबलावर आपटणे पूर्णपणे टाळावे. पुढच्या सर्व चाचण्या रिकाम्या पिस्तुलावर, डमी काडतुसे वापरून आणि खरी काडतुसे त्या खोलीच्या बाहेर ठेवूनच कराव्यात.

या उत्पादनाला न्याय द्यायचा, तर पिस्तुलाचा दोष किती आणि मॅगझिनाचा किती हे आधी वेगळे करायला हवे. त्यासाठी प्रत्येक मॅगझिनावर क्रमांक घालून तीच मॅगझिने दुसऱ्या पिस्तुलात आणि मूळ कंपनीची मॅगझिने आपल्या पिस्तुलात घालून पाहावीत. सगळीच मॅगझिने एकाच पिस्तुलात अडकत असतील तर कारण पिस्तुलात आहे, आणि एकच मॅगझिन सर्वत्र अडकत असेल तर कारण त्या मॅगझिनात आहे. माझ्या बाबतीत उत्तर इतके सरळ आले नाही. मूळ कंपनीचे मॅगझिनही आपोआप खाली पडत नव्हते, पण ते बरेच खाली येऊन थांबत होते आणि दोन बोटांनी सहज निघत होते, तर पर्यायी मॅगझिन सुरुवातीलाच घट्ट बसत होते.

मूळ मॅगझिनाचे हे थांबणे हा बिघाड नव्हे. सीझेड ७५ च्या मूळ रचनेत मॅगझिन ज्या पोकळीत बसते तिच्या मागच्या भिंतीला एक वाकवलेली पोलादी पट्टी असते. मॅगझिन पाठीमागून दाबून धरणे आणि बटण चुकून दाबले गेले तरी ते जमिनीवर पडू न देणे हेच तिचे काम असून तिला मॅगझिन ब्रेक म्हणतात. युरोपातील लष्करी परंपरेत मॅगझिन जपून ठेवण्याला महत्त्व होते. वॉल्थर पी ३८ आणि मकारोव्ह या पिस्तुलांमध्ये तर मॅगझिन अडकवून ठेवणारी कडी मुठीच्या तळाशीच असते आणि ती मागे सारून मॅगझिन हाताने ओढून काढावे लागते. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये कारण वेगळे आहे: मॅगझिन नसताना ट्रिगर चालू नये यासाठी बसवलेल्या सुरक्षा यंत्रणेचा भाग स्प्रिंगच्या जोराने मॅगझिनाच्या पुढच्या बाजूवर दाबून राहतो आणि त्या घर्षणामुळे मॅगझिन सुटत नाही. ग्लॉकच्या सुरुवातीच्या मॅगझिनांमध्ये प्लॅस्टिकच्या आतील धातूचे अस्तर चारही बाजूंना नव्हते, त्यामुळे भरल्यावर ती फुगत आणि आपोआप पडत नसत. पुढे अस्तर पूर्ण झाल्यावर हा प्रश्न मिटला. आपल्या पिस्तुलात अशी काही योजना आहे का, हे माहीत नसताना मॅगझिनाला दोष देणे अन्यायाचे ठरते.

तरीही या मॅगझिनात दोष होता, आणि तो मार्करच्या शाईने उघड झाला. मॅगझिनाच्या चारही बाजूंना काळ्या मार्करचा हलका थर दिला, तो वाळू दिला, मॅगझिन सावकाश आत सारून बाहेर काढले आणि उजेडात तिरके धरून पाहिले. मागच्या बाजूला जोडावर, जिथे पत्र्याच्या दोन कडा वेल्डिंगने एकत्र आणल्या आहेत, शाई एका सरळ अरुंद रेषेत पार खरवडली गेली होती आणि खालचा धातू चमकत होता. बोटाच्या नखाने तपासल्यावर त्या जोडाची उंची स्पष्ट जाणवली. मूळ मॅगझिनाचा जोड घासून सपाट केलेला असल्याने तिथे नख अडकत नव्हते. ब्रेकची पट्टी नेमकी या उंचवट्यावर दाबत होती, म्हणजे थोड्या घर्षणासाठी आखलेल्या रचनेला निष्काळजी वेल्डिंगची भर मिळाली होती. ही शाईची चाचणी मी प्रत्येक नेमबाजाला आग्रहाने सुचवीन, कारण मॅगझिन कुठे घासते याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते पाहता येते.

दुसरी खूण दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, उंचीच्या साधारण मध्यावर, पसरट डागांच्या रूपात उमटली, आणि ती मॅगझिन भरलेले असतानाच दिसली. दुहेरी रांगेच्या मॅगझिनात काडतुसे एकमेकांच्या फटीत पाचरीप्रमाणे बसतात आणि खालच्या स्प्रिंगचा जोर त्यांना वर ढकलताना भिंतींनाही बाहेर रेटतो. पत्रा पातळ किंवा नरम असेल तर मधला भाग फुगतो. कॅलिपरने रिकामे आणि भरलेले अशा दोन्ही अवस्थांत रुंदी मोजल्यावर या मॅगझिनांचा फुगवटा मूळ मॅगझिनापेक्षा उघडच जास्त निघाला. त्यामुळे दुकानात रिकामे मॅगझिन पडते की नाही एवढेच पाहून समाधान मानू नये. याउलट, रिकाम्या मॅगझिनाला स्वतःच्या वजनाची मदत कमी असते: ९ मिमीचे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचे असते, म्हणजे पूर्ण भरलेल्या मॅगझिनाला खाली खेचणारे जवळपास १८० ग्रॅम वजन रिकामे झाल्यावर उरत नाही. फुगवटा भरलेल्या मॅगझिनाला अडवतो, तर जोडावरचे घर्षण रिकाम्या मॅगझिनाला अधिक जाणवते, आणि या उत्पादनात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

कडी ज्या खाचेत अडकते तिची कड मात्र स्वच्छ कापलेली आहे आणि बटण सावकाश दाबल्यावर ती वेळेवर सुटते, त्यामुळे त्या बाबतीत तक्रार नाही. बटण पूर्ण दाबले जात नसेल, मुठीच्या नव्या पट्ट्यांचे स्क्रू आतल्या बाजूला डोकावत असतील, किंवा करंगळी तळाच्या प्लेटला खालून धरून ठेवत असेल, तरीही हेच लक्षण दिसते; शेवटचे कारण विशेषतः लांब तळाच्या मॅगझिनांत वारंवार आढळते आणि ते पिस्तूल दुरुस्तीला देण्याआधी पाहून घ्यावे. धूळ आणि जुन्या तेलाचा चिकट थर हेही नेहमीचे कारण आहे. मॅगझिनाच्या बाहेरून तेल लावल्यास ते पहिले काही वेळा अलगद सुटते, पण तेलावर वाळू आणि दारूची काजळी बसून पुढे ते अधिकच घट्ट होते, म्हणून बाहेरची बाजू कोरडीच ठेवावी.

उपायांपैकी वेल्डिंगचा जोड बारीक पॉलिश पेपरने सपाट करणे मला योग्य वाटले आणि त्याचा उपयोगही झाला, मात्र मॅगझिन पूर्ण उघडून, स्प्रिंग आणि फॉलोअर (काडतुसांना वर ढकलणारा तुकडा) बाजूला काढून, थोडे घासून पुन्हा शाईची चाचणी घेत हे काम केले पाहिजे आणि उघड्या पडलेल्या धातूला गंजापासून संरक्षण दिले पाहिजे. फुगलेली भिंत व्हाइसमध्ये दाबून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, आणि काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या ओठांना पक्कड लावणे तर सर्वस्वी चुकीचे आहे, कारण तिथला किंचित बदलही काडतूस चुकीच्या कोनात वर येण्यास पुरेसा असतो. ब्रेकच्या पट्टीऐवजी सपाट पट्टी बसवता येते. ते काम जाणकार शस्त्रकारागिराकडून करून घ्यावे आणि मूळ पट्टी जपून ठेवावी. पण मूळ मॅगझिन ठीक चालत असताना पर्यायी मॅगझिनासाठी पिस्तूल बदलणे मला मान्य नाही.

बाकीच्या अंगांनी पाहता स्प्रिंग दमदार आहे, पंधरावे काडतूस जोर लावून पण विनातक्रार बसते, आणि शेवटची गोळी सुटल्यावर फॉलोअर स्लाइड स्टॉपला नीट उचलतो. काडतूस चेंबरमध्ये जाताना एकदाही अडकले नाही, आणि मॅगझिनाचे पहिले कर्तव्य तेच असल्याने ही मोठी जमेची बाजू आहे. जोड घासलेले नग रिकामे झाल्यावर आता मूळ मॅगझिनाइतकेच खाली येतात. पूर्ण भरलेले असताना मात्र ते अजूनही हाताने ओढावे लागतात. म्हणून मी ही मॅगझिने स्थिर उभे राहून करण्याच्या सरावासाठी ठेवली आहेत आणि स्पर्धेच्या पट्ट्यावर मूळ कंपनीचीच लावतो. विकत घेणाऱ्याने बदलून मिळण्याची अट आधीच ठरवून घ्यावी, नख मागच्या जोडावरून फिरवावे, आणि जोड उंच लागला तर तो नग तिथेच परत करावा.