पुरवणी जोडायची की मृत्युपत्रच नवं करायचं?

आत्याचं मृत्युपत्र २००९ सालचं. नाशिकला पंचवटीतल्या घरी, लोखंडी कपाटात, नऊवारीच्या घडीखाली. परवा म्हणाली, "सार्वजनिक वाचनालयाला काहीतरी ठेवायचंय रे." १८४० पासूनची संस्था, तिची निम्मी दुपार तिथलीच.

एवढ्यासाठी पुरवणी, म्हणजे मूळ मृत्युपत्राला जोडायचा बदलाचा कागद, पुरेल असं मलाही वाटलं. एक पान, काम खलास. पण पुरवणीलाही मृत्युपत्रासारखीच सही आणि दोन साक्षीदार लागतात, म्हणजे धावपळ तेवढीच. शिवाय मूळ कागद उघडला तर पहिल्याच पानावर गंगापूर रोडचा फ्लॅट, जो कधीच विकलाय. मृत्युपत्र अमलात आणायला व्यवस्थापक नेमलेले काकाही आता नाहीत. एखादंच कलम बदलायचं असेल तर पुरवणी ठीक. इथे नवंच हवं, आणि त्यात 'आधीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द' हे वाक्यही. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही नाही. तरी जुनं नोंदवलेलं होतं म्हणून नवंही दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. नाहीतर भाचे-पुतणे कोर्टात 'खरं कुठलं?' म्हणून भांडतील.

खरा घोळ देणगीचा. ठरावीक रक्कम लिहायला सोपी, पण २००९ चे पन्नास हजार आज किती उरलेत? उलट आजारपणात पैसा आटला तरी ती रक्कम आधी द्यावी लागते आणि उरलेलं ज्यांना जायचं त्यांचा वाटा घटतो. म्हणून माझं मत टक्केवारीला: देणी आणि खर्च वजा जाता उरलेल्या पैशाचे ५ टक्के. मात्र मग संस्था हिशोब मागणार, ही तयारी ठेवा. घरात हिस्सा मुळीच नको. वाचनालयासारख्या सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते; पुतण्यांचा वाटाही त्यात अडकून बसेल.

की आत्ताच चेक द्यावा? संस्थेकडे देणगीवर करवजावट देणारी मान्यता (८०जी) असेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर वजावट मिळते, मृत्युपत्रातल्या दानावर तुम्हाला ती नाही. पण दिलेला चेक परत येत नाही; मृत्युपत्र शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. सत्तरीपुढे एकट्या राहणाऱ्या बाईने मोठी रक्कम हातातून सोडू नये, असं मी स्पष्टच सांगितलं. तिने छोटा चेक आत्ता आणि ५ टक्के मागाहून, असं ठरवलं.

कच्च्या कागदावर तिने 'आपल्या वाचनालयास' असं लिहिलं होतं. ते खोडून न्यासाचं नोंदणीकृत नाव आणि नोंदणी क्रमांक घातला.