खारावलेल्या शेतासाठी ईक्विप की सीआरपी?

मेरिलँडच्या सॉमरसेट, डॉर्चेस्टर काउंट्यांत चेसापीक उपसागराचं खारं पाणी शेतात शिरतंय. बांधालगतचा मका खुरटतो, उघड्या मातीवर मिठाचा पांढरा थर दिसतो. अमेरिकी कृषी खात्याच्या दोन योजना इथे कामी येतात: ईक्विप (एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्ह्ज प्रोग्रॅम) आणि सीआरपी (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम).

'ईक्विप'मध्ये शेती चालूच ठेवायची. आच्छादन पिकं, कोंबडखताची शेड अशा कामांना साधारण 75 टक्क्यांपर्यंत मदत, नवख्या शेतकऱ्याला 90 पर्यंत. पैसे मात्र बहुधा काम झाल्यावर, तोवर पदरमोड. नवख्यांना निम्मी उचल आधी घेता येते, ती जरूर मागावी.

1985 पासूनच्या 'सीआरपी'त जमीन 10 ते 15 वर्षं पिकाखालून काढून गवत-झाडं लावायची, वार्षिक भाडं घ्यायचं.

माझ्या मते खारावलेला काठ सीआरपीला द्यावा, आतल्या सकस रानासाठी ईक्विप. खंडाने कसत असाल तर मालकाशी आधी बोला.