वृद्धसेवागृह निवडताना: धर्मगुरूंच्या ठरावीक भेटी की पूर्णवेळ पाळकीय सेवक?

आईवडिलांसाठी कॅथलिक वृद्धसेवागृह पाहताना साधारणपणे दोन प्रकारच्या व्यवस्था आढळतात. एका ठिकाणी जवळच्या धर्मग्रामाचे (स्थानिक चर्चच्या परिसराचे) धर्मगुरू ठरलेल्या दिवशी येऊन मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, अर्पण करतात आणि पापनिवेदन, म्हणजे पापांची खाजगी कबुली, ऐकतात. दुसऱ्या ठिकाणी रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे प्रशिक्षित पाळकीय सेवक, बहुधा प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले सामान्य) स्त्रीपुरुष किंवा धर्मभगिनी, परिचारिकांप्रमाणेच रोज कामावर असतात आणि धर्मगुरूंना गरजेनुसार बोलावले जाते.

पहिल्या व्यवस्थेचे बळ संस्कारांत, म्हणजे चर्चच्या पवित्र विधींत, आहे, आणि ते कमी लेखता येणार नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या १९८३च्या धर्मसंहितेतील कलम १००३ नुसार आजाऱ्यांचा अभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला प्रार्थनेसह पवित्र तेल लावण्याचा संस्कार, केवळ धर्मगुरूच देऊ शकतात. पापनिवेदनाचेही तसेच आहे. परमप्रसाद, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर, मात्र नेमलेली प्रापंचिक व्यक्तीही खोलीत आणून देऊ शकते. या व्यवस्थेत हळहळ वाटण्याजोगी एक गोष्ट वारंवार घडते: अभ्यंग म्हणजे मरणघडीचा विधी असे समजून कुटुंबीय शेवटच्या तासापर्यंत थांबतात, आणि रुग्णाला कपाळावर व तळहातांवर लावलेल्या तेलाची जाणीवही उरलेली नसते. वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्येच स्पष्ट केले होते की आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जीवाला धोका जाणवू लागला की हा संस्कार घेण्याची योग्य वेळ आलेली असते. प्रकृती अधिक ढासळल्यास तो पुन्हाही घेता येतो.

दुसऱ्या व्यवस्थेचे बळ सहवासात आहे. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी मरणासन्न रुग्णांच्या सेवेत ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली, तिच्यात शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असे सारे दुःख एकत्र येते. यातले शेवटचे दुःख भेटीचा वार पाहून वर येत नाही. स्मृतिभ्रंश झालेली आई मुलाचे नाव विसरते, पण कोणी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि रोझरी (प्रार्थनेची जपमाळ) हातात दिली, तर तिची बोटे एकेक मणी पुढे सरकवतात आणि ओठ हलू लागतात. हे घडवून आणायला तिच्या सवयी ठाऊक असलेले माणूस लागते. असा सेवक अन्य धर्मीयांकडे आणि श्रद्धा हरवलेल्यांकडेही जातो, आणि धर्मांतराचा विषय काढत नाही. तो काढला जात असेल तर ती सेवा नव्हे.

एक फरक सहसा लक्षात येत नाही. पापनिवेदनात बोललेले कोणत्याही परिस्थितीत उघड होत नाही, तर पाळकीय सेवकाशी झालेल्या बोलण्याचा सारांश, सेवागृहाच्या पद्धतीनुसार, रुग्णाच्या नोंदींत जाऊ शकतो. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो, पण रुग्णाला ते आधी सांगितलेले असले पाहिजे.

रोजची मिस्सा हाच ज्यांच्या दिवसाचा आधार आहे, त्यांच्यासाठी धर्मगुरूंचा निवास असलेले किंवा चर्चला लागून असलेले सेवागृह निवडावे. इतर बहुतेकांसाठी, विशेषतः स्मृतिभ्रंश किंवा दीर्घ आजार असताना, मी दुसरी व्यवस्था सुचवीन, कारण धर्मगुरूंना बोलावून आणता येते, ओळख मात्र आयत्या वेळी बोलावता येत नाही. अट एकच: धर्मगुरूंशी लेखी ठरलेली व्यवस्था असावी. म्हणून प्रार्थनामंदिर दाखवले जात असतानाच विचारावे की मध्यरात्री गरज पडली तर फोन कोण करते, आणि येते कोण.