ग्रंथालयाच्या तासिकेसाठी उपक्रमपत्रांचा संच : एका वर्षाच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, आम्ही ग्रंथालयाच्या वार्षिक तरतुदीतून शालेय ग्रंथपालांसाठी तयार केलेला उपक्रमपत्रांचा एक संच मागवला. टपालखर्चासह त्याची किंमत साडेअठराशे रुपये पडली. सांगलीजवळच्या आमच्या माध्यमिक शाळेत प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक ग्रंथालय तासिका मिळते. ती पस्तीस मिनिटांची असते आणि वर्गात पंचावन्न ते साठ मुले असतात. पुस्तके वाटणे, गडबड करू नका असे चार वेळा सांगणे आणि घंटा होण्याआधी पुस्तके मोजून परत घेणे, असाच या तासिकेचा आजवरचा क्रम होता. तो मोडण्यासाठी काहीतरी हवे, या गरजेतून ही खरेदी झाली. संचातील अठ्ठेचाळीस पत्रांपैकी एकतीस मी वर्षभरात पाचवी ते नववीच्या वर्गांत प्रत्यक्ष वापरून पाहिली. उपक्रमाचे मोल ठरवताना मी एकच कसोटी लावली. तासिकेनंतरच्या आठवड्यात त्या वर्गातील किती मुलांनी कोणती पुस्तके घरी नेली, हे मी देवघेव नोंदवहीत पाहत गेले. वर्ग हसला, खेळला, मुख्याध्यापकांनी दारातून पाहून मान डोलावली, याची नोंद मी वेगळी ठेवली आणि ती या परीक्षणात फारशी धरलेली नाही.

संच दिसायला देखणा आहे. पत्रे जाड व गुळगुळीत कागदाची असून कोपरे गोलाई दिलेले आहेत, त्यामुळे वर्षभर हाताळूनही ती दुमडली नाहीत. सोबत एक मार्गदर्शिका, चार भित्तिपत्रके, दोन फासे आणि तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ आहे. हे घड्याळ टेबलावर ठेवले की मुले पुस्तकाऐवजी वाळूकडे पाहत बसतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यातच ते माझ्या खणात गेले. भाषा मात्र पहिल्या पत्रापासून खटकते. मूळ मजकूर इंग्रजीत लिहून नंतर मराठीत आणलेला आहे, हे लपत नाही. एका पत्राचे शीर्षक ‘पुस्तकासोबत अनोळखी भेट’ असे आहे. सातवीच्या मुलांसमोर ते मोठ्याने वाचल्यावर जो हशा झाला, त्यात तासिकेची पाच मिनिटे गेली.

तो उपक्रम मात्र चांगला आहे. पुस्तके कागदात गुंडाळायची, वरती मजकुराविषयी तीन सूचक वाक्ये लिहायची, आणि मुलांनी मुखपृष्ठ न पाहता केवळ त्या वाक्यांवरून पुस्तक निवडायचे, असे त्याचे स्वरूप आहे. आम्ही त्याचे नाव ‘गुपित पुस्तक’ ठेवले. पत्रावर ही सगळी तयारी ग्रंथपालाने करावी असे गृहीत धरलेले आहे. साठ पुस्तके गुंडाळायला मला आणि शिपाई मावशींना पूर्ण दुपार लागली, तेव्हा हे पुन्हा जमणार नाही हे स्पष्ट झाले. पुढच्या वेळी मी हे काम नववीच्या वर्गाकडे दिले. रद्दी त्यांनीच आणली, आणि सूचक वाक्ये लिहायची म्हणजे पुस्तक वाचणे आलेच, त्यामुळे एका उपक्रमात दोन वर्ग गुंतले. नववीतल्या एका मुलाने पाचवीसाठी गुंडाळलेल्या पुस्तकावर फक्त एवढेच लिहिले होते : ‘यात एक बोकड हरवतो. तो सापडतो की नाही हे मी सांगणार नाही.’ सगळ्यांत आधी उचलले गेले ते हेच पुस्तक, आणि त्यानंतर ते महिनाभर कपाटात परतलेच नाही.

संपूर्ण संचात मला सर्वाधिक आवडलेले पत्र दिसायला सगळ्यांत साधे आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे आहे, आणि हे पत्र त्यावर आधारलेले आहे. मुलांनी कपाटातून असे पुस्तक शोधायचे, ज्याच्या शेवटच्या पानावरील तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. मग ते पुस्तक आजवर कोणीच का नेले नसेल याचा अंदाज करायचा, त्यातील किमान दहा पाने वाचायची, आणि ते कोणाला आवडू शकेल हे एका कागदावर लिहून त्याच मुलापर्यंत पोहोचवायचे. मुलांची निदाने ऐकण्यासारखी होती. अक्षर बारीक आहे, चित्र नाही, मुखपृष्ठावरचा माणूस रागावलेला दिसतो, पुस्तक वरच्या फळीवर असल्याने हात पोहोचत नाही, अशी कारणे पुढे आली. शेवटचे कारण तर सरळ माझ्यावरच येत होते, आणि त्या शनिवारी आम्ही दोन फळ्या खाली-वर केल्या. आठवीतल्या एका मुलीने विहिरींच्या बांधकामावरचे कोरे राहिलेले पुस्तक वर्गातल्या एका मुलाच्या नावे सुचवले, कारण त्याचे वडील बोअर मारण्याच्या गाडीवर काम करतात. त्याने ते नेले आणि वडिलांना दाखवले. परत करताना पुस्तकात दोन चुका असल्याचे वडिलांचे म्हणणे त्याने मला सांगितले. हा उपक्रम मी वर्षात चार वेळा घेतला, आणि प्रत्येक वेळी नोंदवहीत त्याचा ठसा दिसला.

याउलट वर्गीकरणाचे पत्र आमच्याकडे सपशेल फसले. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या, मेल्विल ड्युई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीतील दहा मुख्य वर्गांप्रमाणे वर्गाचे दहा गट करायचे आणि प्रत्येक गटाने आपापल्या क्रमांकाच्या फळीवर धावत जाऊन पुस्तक आणायचे, अशी ही शर्यत आहे. मराठी शाळेच्या ग्रंथालयात बहुसंख्य पुस्तके मराठी साहित्याची, म्हणजे एका ८९१.४६ या क्रमांकाखाली येणारी असतात, हे पत्र लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले नाही. साहित्याचा गट चार कपाटांसमोर गोंधळून उभा राहिला, धर्माच्या व इतिहासाच्या गटांनी कसेबसे काहीतरी आणले, आणि तत्त्वज्ञानाच्या गटाला संपूर्ण ग्रंथालयात एक पुस्तक सापडले. शिवाय नमुन्यादाखल दिलेला कथासाहित्याचा क्रमांक ८२३, म्हणजे इंग्रजी कादंबऱ्यांचा आहे. मराठीसाठी तिथे ८९१.४६३ हवा होता. मी हा उपक्रम उलटा करून घेतला. चाळीस पुस्तके सतरंजीवर ओतली, मुलांना हवे तसे गट पाडायला सांगितले, आणि आपण हेच गट का केले हे दुसऱ्या गटाला पटवून द्यायला लावले. एका गटाने ‘भीती वाटणारी’, ‘रडवणारी’ आणि ‘मास्तरांना आवडणारी’ असे तीन वर्ग केले. त्यानंतर ड्युई यांची पद्धत सांगितली तेव्हा, एका पुस्तकाला एकच जागा देणे किती अवघड आहे याचा अनुभव मुलांच्या गाठीशी होता.

पुस्तकांच्या कण्यांवरील नावे एकाखाली एक लावून कविता तयार करण्याचे पत्र परदेशी शाळांत लोकप्रिय आहे आणि कल्पना म्हणून ती सुरेखच आहे. आपल्याकडील अडचण अगदी भौतिक आहे. मुलांची निम्मी पुस्तके मधोमध पिन मारलेली, बत्तीस पानांची असतात आणि त्यांना कणाच नसतो. जुनी पुस्तके बाइंडरकडून पुठ्ठ्यात बांधून आणलेली असतात आणि त्यांच्या पाठीवर दाखल क्रमांकाशिवाय काहीही नसते. मुलांनी शीर्षके चिठ्ठ्यांवर लिहून घेतली आणि कविता केल्या. त्या मजेदार झाल्या, पण पुस्तक उघडण्याची गरज कोणालाच पडली नाही, आणि नोंदवही त्या आठवड्यात नेहमीसारखीच राहिली.

माहितीची खातरजमा शिकवणाऱ्या पत्रात झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचे इंग्रजी संकेतस्थळ तपासायला सांगितले आहे. १९९८ मध्ये गमतीखातर तयार झालेले हे संकेतस्थळ अशा पाठांसाठी जगभर वापरले जाते. तथापि आमच्या सातवीच्या मुलांची सारी शक्ती इंग्रजी वाक्ये लावण्यातच खर्च झाली आणि संशय घ्यायला उसंत उरली नाही. त्याऐवजी मी आमच्याच कपाटातील एक कोडे दिले. काही जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘जि. दक्षिण सातारा’ असा शिक्का आहे. हा जिल्हा कोणता आणि तो आज कुठे आहे, असा प्रश्न ठेवला. बहुतेकांनी आजच्या सातारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कराड-पाटणकडे बोट दाखवले. मग शेजारच्या सातारा जिल्ह्यातील वाईत आकाराला आलेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रकाशित होऊ लागलेला आणि आता महाजालावर विनामूल्य उपलब्ध असलेला मराठी विश्वकोश उघडला, नकाशे काढले, आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाने झालेला जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला, म्हणजे आपण सगळे त्याच जिल्ह्यात बसलो आहोत, हा शोध वर्गाला लागला. पुढची पायरी मी सुचवलेली नव्हती. एका मुलाने आपणहून सांगितले की, शिक्का असा असेल तर हे पुस्तक त्याच अकरा वर्षांतले असणार. मी पुस्तक ग्रंथालयात केव्हा आले हे लिहिलेली दाखल नोंदवही काढून दिली. तारीख १९५५ ची निघाली.

‘निर्जन बेटावर कोणती दहा पुस्तके न्याल?’ हे पत्र मी वाचल्याबरोबर बाजूला ठेवणार होते. सांगलीच्या मुलांना बेटाची कल्पना करण्याची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरलेले त्यांच्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे. प्रश्न बदलून मी असा विचारला की, पाणी पायरीवर आले आहे, वरच्या मजल्यावर दहाच पुस्तके नेता येतील, तर या कपाटातील कोणती न्याल? सोबत पाण्याने फुगलेले, चिखलाची रेघ उमटलेले एक पुस्तक हातात फिरवले. वादावादी तासिका संपल्यावर मैदानावरही चालू राहिली. दुकानात पुन्हा मिळेल ते वाचवायचे कशाला, असा मुद्दा एका मुलीने मांडला आणि अर्ध्या वर्गाच्या याद्या बदलल्या. शेवटी निवडलेल्या दहांमध्ये दक्षिण सातारा शिक्क्याचे ते १९५५ चे पुस्तक होते, आणि ते आधी कोणी वाचलेले नव्हते. पुढच्या दोन आठवड्यांत त्याला तीन वाचक मिळाले.

पुस्तकांची चव घेण्याच्या उपक्रमात टेबलांवर कापड, खाद्यपदार्थांच्या यादीसारखी पत्रके आणि शक्य असल्यास खाऊ ठेवण्याची सूचना आहे. भडंगाच्या भूमीत ही सूचना पाळणे म्हणजे दोनशे पानांवर तेलाचे ठसे घेण्यासारखे होते, म्हणून खाऊ वगळून बाकी सगळे केले. पाच टेबले, प्रत्येक टेबलावर एका प्रकारची पुस्तके आणि दर पाच मिनिटांनी गटांची अदलाबदल, एवढे पुरते.

माणसांनाच पुस्तकासारखे ‘वाचायला’ आणण्याची, २००० मध्ये कोपनहेगनला सुरू झालेली कल्पनाही संचात आहे. आम्ही मिरजेहून तंतुवाद्ये बनवणाऱ्या एका कारागिरांना बोलावले. भोपळा कसा निवडतात आणि वाळवतात हे त्यांनी तुकडे हातात देऊन सांगितले, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा अर्थही समजावला. तासिका अप्रतिम झाली. मात्र मुले नंतर कपाटाकडे वळली तेव्हा त्या विषयावर त्यांना देण्यासारखे माझ्याकडे एकही पुस्तक नव्हते. पाहुणे ठरवण्याआधी कपाट तपासा, ही एक ओळ त्या पत्रावर असायला हवी होती. ती मी आता पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

संचातील दिनदर्शिकेबद्दल माझी तक्रार गंभीर आहे. वर्षभरातील उपक्रमांचा मुख्य भर २३ एप्रिलच्या जागतिक ग्रंथदिनावर आहे, आणि तेव्हा आमची मुले परीक्षेत किंवा सुटीच्या वाटेवर असतात. डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. महाराष्ट्रातील शाळांना विकायच्या संचात ही उणीव क्षम्य नाही. या दिवसांना शाळेत कार्यक्रम होतोच आणि भाषणेही होतात. त्या दिवशी हाताशी एखादे तयार उपक्रमपत्र असते, तर ग्रंथपालाला माइकवरून दोन मिनिटे मिळण्याऐवजी पूर्ण तासिका मागता आली असती.

आता खरेदीविषयी. ज्यांच्या ग्रंथालयात पूर्णवेळ ग्रंथपाल आहे, पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशी मांडलेली आहेत आणि पत्रे आपल्या गावाप्रमाणे बदलून घेण्याची तयारी आहे, त्यांना हा संच घ्यावा असे मी सुचवेन. माझ्या मते एकतीसपैकी चौदा पत्रे पुन्हा वापरण्यासारखी आहेत. अर्धवेळ काम करणाऱ्या ग्रंथपालांना तयारीचा भार झेपणार नाही. त्यांनी जवळच्या एखाद्या शाळेतून तिसऱ्या सूत्राचे आणि गुपित पुस्तकाचे पत्र पाहून घेतले तरी अर्धे वर्ष निघेल. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एक गोष्ट लेखी विचारावी. संचासोबत प्रत्येक कृतिपत्रिकेच्या तीसच प्रती येतात आणि तळाशी छायाप्रत काढण्यास मनाई असल्याची सूचना छापलेली असते. आम्ही साठ मुलांच्या वर्गासाठी परवानगी मागितली, तेव्हा जादा प्रतींचे दरपत्रक आले. तेव्हापासून आमची मुले कृतिपत्रिका फळ्यावरून वहीत उतरवून घेतात.