गोडॉट ४ वर सात महिने: बॉटला विसरायला शिकवताना

खेळ बनवायला गोडॉट हे गेम इंजिन घेतलं ते फुकट म्हणून. एमआयटी परवाना आहे, उद्या खेळ विकला तरी कुणाला हिस्सा द्यायचा नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर टूडीचं काम निभतं.

खेळ साधाच. इंदूरचा रात्रीचा सराफा, भुट्ट्याचा कीस नि दहीवड्याच्या गाड्या, त्यांच्या आडोशाने लपाछपी. राज्य बॉटवर, म्हणजे संगणक चालवतो त्या खेळाडूवर. नॅव्हिगेशन रीजन (चालायची जागा) आखलं, वाट शोधणारा एजंट जोडला, रेकास्टने, म्हणजे मध्ये काही आड येतं का ते तपासणाऱ्या सरळ रेषेने, नजर दिली आणि एका रविवारी, पोहे-जिलबी पोटात जिरायच्या आत, बॉट पळायला लागला. भाचा दोन डाव खेळला आणि वैतागला, "मामा, हा चीटिंग करतो!"

करतच होता. भाचा वळला की त्याच फ्रेमला, पडद्यावरच्या त्याच चित्राला, बॉट वळायचा. दिसल्यावर हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने १५ फ्रेम. त्यात मी शहाण्याने बॉटला खेळाडूची खरी जागा पुरवत होतो, भिंतीआडची सुद्धा.

मग चार महिने त्याला विसरायला शिकवण्यात गेले. आता खेळाडू शेवटचा दिसला ती जागा तेवढी त्याला आठवते, तीही वेळ जाईल तशी थोडी चुकीची. तिथे जातो, थबकतो, जवळच्या गाडीमागे डोकावतो, मग कंटाळून परत फिरतो. इंजिनात बिहेवियर ट्री (बॉटने कधी काय करायचं ते फांद्याफांद्यांनी मांडलेलं झाड) आयता नाही, म्हणून लिंबोएआय हे प्लगइन घातलं. खेळ चालू असताना कुठली फांदी जागी आहे ते त्यात दिसतं. या एका सोयीने कितीतरी जागरणं वाचली.

गर्दीत मात्र फजिती झाली. बॉट ढकलत ढकलत थेट सोनाराच्या ओटल्यात घुसायचे. इंजिनातली अव्हॉइडन्स ही टक्कर टाळायची सोय फक्त एकमेकांना चुकवते, चालायची जागा कुठे संपते ते बघत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे; मी महिन्याभराने वाचलं.

बॉटप्राइझ ही बॉटने माणूस भासायची स्पर्धा; २०१२ साली तिच्यात दोन बॉट परीक्षकांना खऱ्या खेळाडूंच्या सरासरीपेक्षाही जास्त माणूस वाटले होते. त्यातला मिररबॉट समोरच्याची नक्कल करायचा. तीच युक्ती उचलली: भाचा उगाच जागच्या जागी गिरकी घेतो, बॉटही क्षणभराने घेतो.

"समोर कोण आहे, आई का?" भाच्याने विचारलं.

पुढच्या डावात ओळखलंच त्याने. बॉट त्याच गाडीमागे तिसऱ्यांदा डोकावला होता. ते काम अजून बाकी आहे.