ओट्याखालचं जनावर आणि आमचे गेलेले 14,500 रुपये

मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला लागून आमची बैठी चाळ आहे. घरापुढे ओटा, आणि ओट्याखाली सासऱ्यांच्या काळापासून फळ्या आणि जुनी कौलं ठेवायची पोकळी. फेब्रुवारीत रात्री अकरानंतर तिथून खुडबुड ऐकू यायला लागली. आधी घूस वाटली, पण घूस माती उकरून ढीग लावते, तसा ढीग कुठेच नव्हता. सकाळी ओट्याच्या कडेला विष्ठा दिसायची, तिच्यात चिकूच्या बिया.

सासूबाई म्हणाल्या, "मसण्याऊद असेल गं. बाळाला एकटं ठेवू नकोस." माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. माझी झोपच उडाली.

बाजारातल्या खांबावर कागद चिकटवलेला होता: साप, माकड, जंगली प्राणी पकडून मिळतील. फोनवर 1,500 रुपये सांगितले. संध्याकाळी दोघं आले, अंगात खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र. विष्ठा दाखवायला गेले तर बघितलीही नाही. अर्धा मिनिट टॉर्च मारला आणि म्हणाले, "ताई, मसण्याऊदच आहे, तीन आहेत. घरात तान्हं मूल आहे ना? मग आजच उचलायला हवं." आधीचे 1,500 नुसते बघण्याचे निघाले. वर जनावरामागे 3,500, शिवाय वनखात्याची परवाना फी म्हणून 2,500. मिस्टर रात्रपाळीला होते. मी घाबरून सगळे पैसे मोबाइलवरून पाठवले, पावतीही मागितली नाही.

त्यांनी पिंजरा लावला आणि उजाडायच्या आत परत आले. पिंजऱ्यावर गोणपाट टाकलेलं, आत काहीतरी हलत होतं. "जवळ येऊ नका, अंगावर येईल," म्हणून बघूही दिलं नाही. जाताना पोकळीचं तोंड विटा-सिमेंटने बुजवून गेले.

त्याच रात्री त्या विटांमागून बारीक कुंईकुंई ऐकू आली. वर कौलांवर काहीतरी जड पावलांनी सारखं येरझाऱ्या घालत होतं. फोन केला तर म्हणे, "वास राहतो, त्याने भास होतो." त्यानंतर नंबर बंद.

सकाळी शेजारच्या काकांनी वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन लावला. दुपारी दोन वनरक्षक आले. त्यांनी आधी विष्ठा पाहिली, मग ओट्याजवळच्या धुळीतले ठसे. मांजराच्या ठशात चार बोटं उमटतात, यात पाच होती. उदमांजर, म्हणजेच आपण ज्याला मसण्याऊद म्हणतो ते. विटा फोडल्या तर आत फळ्यांच्या आड दोन पिल्लं. आईला बाहेर ठेवून त्या लोकांनी पिल्लांना भिंतीत चिणलं होतं, आणि त्याचे पैसे मी मोजले होते. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

पिल्लांना वनरक्षकांनी हात लावला नाही. तोंड उघडं ठेवा, ओट्यावरचा दिवा मालवा आणि घरात थांबा, एवढंच सांगितलं. रात्री दोनच्या सुमाराला आई आली, एकेका पिल्लाला तोंडात धरून घेऊन गेली. वनखात्याने आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही.

त्या वनरक्षकांनीच सासूबाईंना समजावलं की हे जनावर फळं, उंदीर, किडे खातं, माणसाची चाहूल लागली की पळतं. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त लागली. 1972 च्या वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय सापळा लावणं, पकडणं हेही शिकारीतच मोडतं. म्हणजे पिंजरा घेऊन दारात येणाऱ्याकडे लेखी परवानगी नसेल तर त्याला पैसे देणारे आपणही अडचणीत येऊ शकतो. आणि माझ्यासारखं मोबाइलवरून पैसे पाठवून बसला असाल तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. मी चार दिवस लावले, पैसे काही परत आले नाहीत.

पोकळीच्या तोंडाशी आम्ही रोज रात्री पीठ भुरभुरायचो. सलग पाच सकाळी पिठावर एकही ठसा नव्हता, तेव्हाच जाळी ठोकली. तुमच्याकडेही जनावर असेल तर आत कोणी नाही याची अशी खात्री करा, मगच बुजवा.

परवा बाजारात त्याच खांबावर तोच कागद परत दिसला. मजकूर अक्षर न् अक्षर तोच, नंबर तेवढा नवा. मी तो फाडला, पण असे कागद आणखीही खांबांवर असणार.