आर्चबिशप मॉलॉय हायस्कूल, क्वीन्स (न्यूयॉर्क): रिव्ह्यू

क्वीन्समधल्या आपल्या मराठी लोकांपैकी कुणी मुलांसाठी कॅथलिक हायस्कूल बघत असेल तर ब्रायरवूडचं मॉलॉय लिस्टमध्ये ठेवाच. मारिस्ट ब्रदर्स म्हणजे कॅथलिक धर्मबंधूंचा एक संघ, त्यांची ही शाळा, 1892 मध्ये मॅनहॅटनला सेंट ॲन्स अकॅडमी म्हणून सुरू झाली, 1957 ला इकडे आली आणि तेव्हा नाव बदललं. मुली मात्र थेट 2000 साली आल्या!! म्हणजे शंभर वर्षांहून जास्त नुसती पोरंच, त्यामुळे जुन्या गोष्टी सगळ्या बास्केटबॉल बेसबॉलच्याच, पण त्या भारी आहेत हां, जॅक करन नावाचे कोच 1958 पासून 2013 मध्ये वारले तोपर्यंत दोन्ही टीम सांभाळत होते, केनी स्मिथ आणि केनी अँडरसन त्यांच्याच हाताखालून एनबीएत (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) गेले. मला विचाराल तर मुलींच्या टीम्सबद्दलही एवढंच कौतुकाने बोललं गेलं पाहिजे.

सबवे स्टेशन जवळ, हा मोठा प्लस. आता पैशांचं, सरकारी शाळा फुकट आणि इथे फी, शिवाय आठवीत कॅथलिक शाळांची वेगळी एन्ट्रन्स. धर्माचा तास असतो, घरी गणपती बसत असला तरी तो करावा लागतो, ते आधीच पोराशी बोलून घ्या. माझ्याकडून चार स्टार.